पायाचा ठसा आणि बुटाचा नंबर

महोदय,

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये धावायचे ठरवून मी बूट घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने मला ओल्या पायाने पुठ्ठ्यावर उभे केले, ठसा पाहून तळवा सपाट असल्याचे सांगितले आणि आतल्या बाजूला टणक आधार असलेला महागडा जोड पुढ्यात ठेवला. यवतेश्वर घाट चढताना काही जाणवले नाही. उतरताना मात्र दर पावलाला बोटे बुटाच्या टोकावर आदळत राहिली आणि पुढे दोन्ही अंगठ्यांची काळीनिळी झालेली नखे गळून पडली. माप सकाळी, घरातले पातळ मोजे घालून दिले होते, आणि तासभर धावल्यावर पाऊल फुगते हे मला कोणी सांगितले नव्हते.

ठशावरून बूट ठरवण्याची ही पद्धत अमेरिकी लष्कराने आपल्या प्रशिक्षणार्थींवर तपासून पाहिली आहे. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, दुसऱ्याला सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आतल्या बाजूचा टणक आधार पावलाचे आत कलणे रोखण्यासाठी असतो; पण पाऊल टेकल्यावर थोडे आत कलते, ते धक्का जिरवण्यासाठीच. तो प्रत्येकाच्या पायातला दोष कसा म्हणायचा?

खरी अडचण रुंदीची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक भारतीयांची पावले मोजली, तेव्हा ती युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा रुंद आढळली. तरीही रुंद साच्याचा बूट मागितला की "एक नंबर मोठा घ्या" असे उत्तर मिळते. त्याने लांबी वाढते, टाच आत सटकते आणि तिथे फोड येतो. (माझा जोड मात्र लांबीलाच आखूड पडला होता, हा भाग वेगळा.)

धावण्याची ढबही पाहायला हवी. टाच आधी टेकवणाऱ्याला पुढच्या भागापेक्षा टाचेकडे ८ ते १२ मिलिमीटर उंच असलेला बूट बहुधा सोयीचा पडतो, आणि तो सोडून एकदम सपाट बुटात धावू लागल्यास पोटरीवर ताण येतो.

दुकानदारांना एवढीच विनंती आहे, की गिऱ्हाइकाला संध्याकाळी, धावतानाचेच मोजे घालून, बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते पाहू द्यावे आणि दुकानाबाहेर शंभरेक पावले पळू द्यावे. मला "तळ मळेल" म्हणून नकार मिळाला होता.

– एक वाचक, सातारा