जखमी जनावराच्या घरात आणखी कोण जखमी आहे?

महोदय,

प्राण्याला अमानुष मारहाण झाल्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरू लागली की तिची बातमी होते, दोन-चार दिवस संताप उसळतो आणि मग तो प्राणी, मारणारा माणूस आणि ते घर सारेच विस्मरणात जाते. एकतीस वर्षे पशुवैद्यक म्हणून काम केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की, या संतापात एक प्रश्न नेहमी राहून जातो: त्या घरात आणखी कोणाला मार बसतो आहे?

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. एक कुत्रा वर्षभरात तिसऱ्यांदा माझ्याकडे आणला गेला, या खेपेस मागचा पाय मोडलेला. क्ष-किरण चित्रात पायाच्या ताज्या अस्थिभंगाबरोबरच फासळ्यांचे जुने, वेगवेगळ्या वेळी भरून आलेले अस्थिभंगही स्पष्ट दिसत होते. सोबत आलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मी कुत्र्याचे डोके धरायला सांगितले, तर मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "जिन्यावरून पडला, जिन्यावरूनच पडला." मी प्लास्टर घातले, औषधे लिहून दिली आणि त्यांना जाऊ दिले. त्या उत्तराचा अर्थ मला तेव्हाच उमगला होता. परंतु आपले काम जनावरापुरते, अशी मनाची समजूत घालून मी गप्प बसलो. ते कुटुंब पुन्हा माझ्याकडे आले नाही.

जखमा बोलतात, हे वैद्यकशास्त्राला नवे नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली मारहाण झालेल्या मुलांच्या शरीरावरील खुणांचे वर्णन केले. त्याच धर्तीवर ब्रिटनमध्ये हेलन मन्रो आणि मायकल थ्रसफील्ड यांनी पशुवैद्यकांकडून माहिती गोळा करून कुत्र्या-मांजरांच्या अपघाती नसलेल्या दुखापतींचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्हींतील साम्य अस्वस्थ करणारे आहे: दुखापतीशी न जुळणारी हकिगत, दर वेळी बदलणारा तपशील, उपचाराला लावलेला उशीर आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या इजा. यांपैकी एखादीच खूण दिसली म्हणून कोणावर ठपका ठेवता येत नाही. पण त्या एकत्र दिसू लागल्या की गप्प राहणे समर्थनीय ठरत नाही.

छळ म्हणजे केवळ हात उगारणे नव्हे. पिल्लू असताना गळ्यात बांधलेला पट्टा ते वाढले तरी कोणी सैल केला नाही की तो हळूहळू कातडीत रुततो आणि त्याभोवती मांस सडू लागते. हे एका दिवसात होत नाही, आठवडेच्या आठवडे त्या जनावराकडे कोणी नीट पाहिलेले नसते. वाढून वळलेले खूर, जट झालेले केस आणि आखूड साखळीने बांधलेल्या जागेभोवती साचलेली विष्ठा हे सारे त्याच दुर्लक्षाचे पुरावे आहेत. मालकाला पाहून कुत्रा शेपूट हलवतो, म्हणजे त्याचे हाल होत नाहीत, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. मार खाणारे जनावरही अन्न देणाऱ्या हाताकडेच जाते, कारण त्याला दुसरा हात माहीत नसतो.

हिंसक घरात प्राणी पुष्कळदा ओलीस असतो. ‘घर सोडलेस तर याचे काय करीन ते बघ’ ही धमकी परिणामकारक ठरते, कारण आधार देणारी अनेक निवासस्थाने प्राण्यांना आत घेत नाहीत आणि प्राण्याला मागे ठेवून निघण्याची हिंमत पीडित स्त्रीला होत नाही. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या कायद्याने अशा पीडितांची त्यांच्या प्राण्यांसह सोय करण्यासाठी अनुदानाची तरतूद केली, ती याच अनुभवातून.

लहान मुलाने प्राण्याला छळले की तो पुढे खुनी होणार, असे सर्रास बोलले जाते. एवढ्या थेट निष्कर्षाला पुरेसा आधार नाही आणि त्याने त्या मुलाचे नुकसानच होते. अगदी लहान मूल अजाणतेपणी शेपूट ओढते, त्याला समजावून सांगता येते. मोठे मूल लपूनछपून आणि वारंवार इजा करत असेल, तर त्याने स्वतः काय पाहिले किंवा सोसले आहे, हे आधी विचारावे.

डोळ्यांसमोर मारहाण चालू असेल, तर पोलिसांना तात्काळ कळवावे. एरवी तारीख, वेळ, जागा आणि दिसलेली स्थिती लिहून ठेवावी, सार्वजनिक जागेतून छायाचित्र घ्यावे, मूळ फाइल जपावी आणि पोलीस किंवा प्राणिरक्षण संस्थेकडे लेखी तक्रार द्यावी. दारात जाऊन शिवीगाळ केल्यास प्राणी रातोरात दिसेनासा होतो, किंवा मारणाऱ्याचा राग घरातल्या दुर्बळ माणसावर निघतो. चित्रफीत आधी समाजमाध्यमांवर टाकणेही घातक आहे. संशयित सावध होतो, आणि प्रसिद्धीसाठीच क्रूरता चित्रित करणाऱ्यांना हवे ते मिळते.

प्राणिरक्षण आणि बालरक्षण यांचे नाते जुने आहे. १८७४ मध्ये न्यूयॉर्कमधील मेरी एलन विल्सन या छळ होणाऱ्या मुलीसाठी समाजसेविका एटा व्हीलर यांना अन्यत्र दाद मिळेना, तेव्हा त्या प्राणिरक्षण संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या. बर्ग यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी प्रकरण न्यायालयात नेले आणि त्यातूनच मुलांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. मुलीला ‘प्राणी’ ठरवून सोडवले, ही प्रचलित कथा खरी नाही.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की, अशा बातमीसोबत तक्रार कोठे करावी, हे प्रत्येक वेळी छापावे आणि महिन्याभराने आपल्या वार्ताहराला पुन्हा त्याच प्रकरणाकडे पाठवावे. तो प्राणी आता कोणाच्या ताब्यात आहे, गुन्हा नोंदवला गेला का आणि त्या घरातल्या मुलांची कोणी चौकशी केली का, एवढी तीन उत्तरे वाचकांपर्यंत यावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्यक