दुरुस्ती नव्हे, दडपणे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जनुकांवरचा लेख वाचला. लेख चांगला, पण ‘यीस्टमध्ये दुसरे म्युटेशन पहिले दुरुस्त करते’ हे वाक्य (म्युटेशन म्हणजे जनुकात झालेला बदल) खटकले. नाशिकमध्ये तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे राहवत नाही.

असे दुसरे म्युटेशन म्हणजे सप्रेसर, पहिल्याचा परिणाम दडपणारे; ते पहिल्या चुकीला हातही लावत नाही. पावाच्या यीस्टमध्ये एडीई२ हे जनुक बिघडले की अ‍ॅडेनिन (डीएनएचा एक घटक) बनण्याची साखळी मध्येच अडते. अर्धाकच्चा माल पेशीत साठतो आणि अ‍ॅडेनिन कमी असलेल्या खाद्यावर वसाहती लाल दिसतात. या बिघाडाच्या एका प्रकारात ‘यूएए’ हा थांबण्याचा संकेत जनुकात नको तिथे आलेला असतो, म्हणून प्रथिन अपुरे राहते. क्वचित त्याच लाल यीस्टमधून एखादी पांढरी वसाहत उगवते. तिच्यातला नवा बदल असतो भलत्याच जागी, प्रथिन जोडण्यासाठी अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या एका टी-आरएनएच्या जनुकात. तो टी-आरएनए आता ‘यूएए’ आला तरी अमिनो आम्ल जोडतो आणि प्रथिन शेवटापर्यंत जाते.

वर्गात मी एसटीचे उदाहरण द्यायचे. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाहून त्र्यंबकला निघालेल्या गाडीच्या वाटेत कुणी खोट्या शेवटच्या थांब्याची पाटी रोवली, गाडी तिथेच रिकामी होऊ लागली. मग एक कंडक्टर असा आला की पाटी दिसली की डबल बेल! गाडी त्र्यंबकला पोचते, पाटी मात्र जागेवरच. आणि त्याच सवयीने कधी खरा थांबाही मागे पडतो. यीस्टमध्येही इतर जनुकांचे खरे ‘यूएए’ अधूनमधून ओलांडले जातात, म्हणूनच जोरकस सप्रेसर असलेले यीस्ट बऱ्याचदा रोडावते.

पडताळा सोपा आहे. या पांढऱ्या यीस्टचा निरोगी, म्हणजे पांढऱ्याच, यीस्टशी संकर करा. दोन्ही बदल वेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर संततीत सरासरी चारांत एक पुन्हा लाल निघते: तिला बिघडलेले एडीई२ मिळते, पण सप्रेसर मिळत नाही. चूक खरोखर दुरुस्त झाली असती तर लाल एकही निघाले नसते. पांढऱ्या आईबापांची लाल लेकरे पाहून मुले दरवर्षी हटकून चक्रावत.

सगळेच सप्रेसर टी-आरएनएतले नसतात. काही त्याच जनुकात असतात, काही त्याच्या जोडीदार प्रथिनाच्या जनुकात, आणि त्यांच्यावरून कोणते प्रथिन कोणाशी मिळून काम करते याचा माग लागतो. त्यावर स्वतंत्र लेख जरूर छापा. तूर्त पुढच्या रविवारी ते एक वाक्य तेवढे बदलावे, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका, कॉलेज रोड, नाशिक