प्रशांत महासागरातील तार कोणाच्या पैशाने झाली?

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत समुद्रतळावरून जाणाऱ्या तारांच्या इतिहासावर जी लेखमाला चालू आहे, तिचे सर्व भाग मी कात्रणे काढून जपून ठेवले आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ तार खात्यात काढलेल्या माणसाला या विषयावर मराठीत इतके तपशिलाने वाचायला मिळावे, याचा आनंद मोठा आहे. मात्र गेल्या भागाच्या शेवटी लेखकाने जो निष्कर्ष काढला आहे, तो मला पटला नाही. समुद्रतार ही पहिल्यापासून खासगी भांडवलाच्या धाडसाची गोष्ट आहे आणि सरकारे तिथे गिऱ्हाईक म्हणून मागाहून आली, असे ते म्हणतात. अटलांटिकच्या तारेपुरते हेही अर्धेच खरे आहे. कॅनडाला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या वसाहतींशी जोडणारी जी पहिली मोठी तार प्रशांत महासागरातून 1902 साली गेली, तिच्याबाबतीत तर ते मुळीच खरे नाही. धोका कोणी पत्करला आणि मालकी कोणाकडे राहिली, हे दोन प्रश्न वेगळे ठेवल्याशिवाय या इतिहासाचा हिशेब लागत नाही.

आधी आपल्या घरचे उदाहरण सांगतो, कारण त्याची झळ हिंदुस्थानच्या तिजोरीला लागलेली आहे. 1857 च्या उठावाची बातमी लंडनला पोहोचायला आठवडे लागले, आणि त्यानंतर सुवेझपासून तांबड्या समुद्रातून एडन आणि तिथून अरबस्तानच्या किनाऱ्याने कराची अशी तार टाकण्याचे काम ‘रेड सी अँड इंडिया टेलिग्राफ’ या खासगी कंपनीने घेतले. भागभांडवल 8 लाख पौंडांचे होते आणि त्यावर साडेचार टक्के उत्पन्नाची 50 वर्षांची हमी ब्रिटिश सरकारने दिली होती. या हमीतले वैगुण्य असे की, तार चालली तरच पैसे देऊ, अशी अट तिच्यात उरली नव्हती. 1859 आणि 1860 मध्ये तार टाकली गेली. खडबडीत तळावर ती पुरेशी सैल न सोडता ताणून टाकली होती, त्यामुळे जागोजागी ती अधांतरी लोंबकळत राहिली, शिंपल्या-शेवाळांच्या ओझ्याने खचली आणि एकामागून एक तुकडा निकामी झाला. ही पूर्ण वाट एकाच वेळी नीट चालली आहे, असे दिवस जवळजवळ आलेच नाहीत. तरीही वर्षाला सुमारे 36,000 पौंड भागधारकांना 1908 पर्यंत मिळत राहिले आणि त्यातला वाटा हिंदुस्थानच्या महसुलातूनही गेला. समुद्राच्या तळाशी गंजत पडलेल्या तारेसाठी आमच्या पणजोबांच्या पिढीने पट्टी भरली आणि तिच्याविषयी एक शब्द बोलण्याची संधी त्यांना कोणी दिली नाही. याला खासगी धाडस म्हणणे मला जड जाते. मालकी खासगी होती, धोका मात्र सार्वजनिक होता.

या आणि अशाच अपयशांनंतर नेमलेल्या चौकशी समितीने 1861 मध्ये जो अहवाल दिला, त्यावरून तोवर जगात टाकलेल्या सुमारे 11,000 मैल समुद्रतारेपैकी जेमतेम 3,000 मैल चालू असल्याचे दिसले. पुढच्या दहा वर्षांत तारेची घडण आणि ती टाकण्याची पद्धत पुष्कळ सुधारली. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईहून एडनकडे तार टाकली आणि त्याच वर्षी मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. समुद्रतारांचे ब्रिटिश उद्योजक जॉन पेंडर यांच्या कंपन्यांनी मद्रासहून पेनांग व सिंगापूर गाठले, जावामार्गे 1871 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विनला तार पोहोचली, आणि सिडनीच्या व्यापाऱ्याची तार लंडनला जाताना मुंबईवरून जाऊ लागली. या उभारणीचे श्रेय पेंडर यांना द्यायलाच हवे. तथापि एकच वाट आणि तिच्यावर एकच मालक, याचा परिणाम दरांत दिसला. 1890 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला एका शब्दाला 9 शिलिंग 4 पेन्स पडत. 1891 मध्ये दर 4 शिलिंगांवर आणले गेले, पण त्याआधी ‘उत्पन्नात जी घट येईल तिच्यातली अर्धी आम्ही भरून देऊ’ असे बहुतेक वसाहतींकडून लिहून घेण्यात आले, आणि दोन वर्षांत दर पुन्हा 4 शिलिंग 9 पेन्स झाला. म्हणजे दर उतरवण्याचा धोकासुद्धा वसाहतींच्या करदात्यांनीच वाटून घेतला होता.

प्रशांत महासागराच्या तारेची कल्पना या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. ती मांडणारे सँडफर्ड फ्लेमिंग हे कॅनडातील रेल्वेचे सर्वेक्षण करणारे अभियंते होते आणि आज जग ज्या प्रमाणवेळेवर चालते तिचे ते एक मोठे पुरस्कर्ते. कॅनडाची आगगाडी पश्चिम किनाऱ्याला पोहोचेल तेव्हा तिच्यासोबतची तारही पोहोचेल, मग ती तिथेच का थांबावी, हा त्यांचा 1879 पासूनचा प्रश्न होता. 1887 च्या लंडनमधील वसाहत परिषदेत त्यांनी तो मांडला, तेव्हा पेंडर यांच्या बाजूने कडाडून विरोध झाला. महासागर फार खोल आहे, तळाची मोजणी झालेली नाही, तार टिकणार नाही आणि टिकली तरी तिला गिऱ्हाईक मिळणार नाही, असे आक्षेप घेतले गेले. लंडनचे सरकारही बरीच वर्षे या मताकडे झुकलेले राहिले. 1894 मध्ये ऑटावा येथे वसाहतींचे प्रतिनिधी जमले, त्यांनी तारेच्या बाजूने ठराव केले आणि कॅनडा सरकारने कारखानदारांकडून किमतीचे अंदाज मागवले, तेव्हा कुठे ही योजना कागदावरून हलली.

मार्ग आखणे आणि पैसा उभा करणे ही दोन कामे इथे एकमेकांत किती गुंतली होती, हे नेकर बेटाच्या प्रकरणावरून कळते. लांब समुद्रतारेत संदेश मंदावतो, आणि भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे लांबी दुप्पट झाली की वेग निम्मा न होता चौथाईवर येतो. एका वर्षात किती शब्द पाठवता येतील, म्हणजेच किती उत्पन्न होईल, हे त्यामुळे वाटेवरच्या सर्वांत लांब टप्प्यावर ठरते. हवाईच्या वायव्येला असलेले नेकर हे निर्जन, खडकाळ बेट मिळाले असते, तर पहिला टप्पा पुष्कळ आखूड झाला असता. फ्लेमिंग यांनी ते ब्रिटिश ताब्यात यावे म्हणून खटपट केली, पण 1894 च्या मे महिन्यात हवाईच्या तत्कालीन सरकारने आपला माणूस पाठवून तिथे स्वतःचा झेंडा लावला. भाड्याने बेट घेण्याचा प्रयत्नही अमेरिकेच्या संमतीअभावी फसला. मग विषुववृत्ताजवळच्या फॅनिंग बेटापर्यंत एका दमात जाण्यावाचून गत्यंतर राहिले नाही, आणि व्हँकुव्हर बेटावरील बॅमफिल्डपासून तिथपर्यंतचा टप्पा सुमारे 3,450 सागरी मैलांचा झाला. जगात तोवर इतका लांब अखंड टप्पा कोणी टाकलेला नव्हता. वेग राखण्यासाठी त्या तारेत दर सागरी मैलाला 600 पौंड वजनाचे तांबे आणि 340 पौंड वजनाचा गटापर्चा (तारेभोवती वीज अडवणारा, झाडाच्या चिकाचा थर) घालावा लागला. एका निर्जन खडकावरचा हक्क हुकला, त्याची किंमत तांब्याच्या वजनात मोजावी लागली. पुढचे टप्पे फिजीतील सुवा, तिथून नॉरफोक बेट, आणि नॉरफोकहून एक फाटा क्वीन्सलँडमधील साउथपोर्टला व दुसरा न्यूझीलंडला, असे ठरले.

आता पैशाविषयी. 1899 मध्ये लंडनने आधी एवढेच देऊ केले की, वसाहतींनी तार बांधावी, वर्षाची तूट आली तर तिच्यातला ठरावीक हिस्सा ब्रिटन देईल आणि तोही 20,000 पौंडांच्या आत. वसाहतींना अनुदान नको होते, भागीदार हवा होता. त्यांनी जोरदार आक्षेप घेतला आणि अखेर भागीदारीचे सूत्र मान्य झाले. एकूण 18 हिस्से, त्यात ब्रिटनचे 5, कॅनडाचे 5 आणि न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड व न्यूझीलंड यांचे प्रत्येकी 2. दक्षिण ऑस्ट्रेलिया यात नाही, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. त्या वसाहतीने ॲडलेड ते डार्विन ही वाळवंटातून जाणारी तार स्वतःच्या कर्जावर उभारली होती आणि पेंडर यांच्या जुन्या वाटेची रहदारी घटली तर तिचेच उत्पन्न बुडणार होते. फिजीही यात नाही. ज्याच्या भूमीवर सुवाचे ठाणे उभे राहिले, त्याचे नाव हिस्सेदारांत नसावे, याची नोंद आपल्यासारख्या वसाहत राहिलेल्या देशाच्या वाचकाने तरी घ्यावी.

1900 च्या अखेरीस ‘टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स’ कंपनीला 17 लाख 95 हजार पौंडांचे कंत्राट देण्यात आले. पुढच्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून 20 लाख पौंडांपर्यंत भांडवल कर्जाने उभारण्यास मंजुरी दिली. व्याज 3 टक्के, मुदत 50 वर्षे. मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाचा हप्ता सुमारे 77,500 पौंड होत होता. याच रकमेवर खासगी कंपनीच्या भागधारकांना 6 किंवा 7 टक्के लाभांश द्यायचा म्हटला, तर मुद्दलाला हात न लावता वर्षाला 1 लाख 20 हजार ते 1 लाख 40 हजार पौंड लागले असते. फ्लेमिंग यांचा सारा भर या फरकावर होता. सरकारच्या पतीवर मिळणारे स्वस्त कर्ज हेच स्वस्त तारेचे मूळ आहे, हे त्यांनी वीस वर्षे न थकता सांगितले. कारभार पाहण्यासाठी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ लंडनमध्ये नेमले गेले. खर्च आणि हप्ता वजा जाता जी तूट येईल, ती ठरलेल्या हिश्शांनी भरायची, इतका हा सरळ व्यवहार होता. तार बांधणारी आणि टाकणारी कंपनी खासगीच होती, हे मी लपवत नाही. पण तिला कामाचा मोबदला मिळाला आणि ती बाजूला झाली.

या टप्प्यावर भागीदारांपैकीच काहींच्या हातून जे घडले, त्याचे मला आजही वाईट वाटते. पेंडर यांच्या जुन्या कंपनीने दक्षिण आफ्रिकेवरून नवी तार आणण्याची आणि दर उतरवण्याची तयारी दाखवली, मात्र बदल्यात ऑस्ट्रेलियातील शहरांत स्वतःची कचेरी उघडून थेट व्यापाऱ्यांकडून तारा घेण्याची मुभा मागितली. न्यू साउथ वेल्सने 1901 च्या आरंभी, ऑस्ट्रेलियाच्या नव्या संघराज्याकडे तार खाते जाण्याच्या थोडेच आधी, हा करार मान्य केला. ज्या तारेत आपले 2 हिस्से आहेत, तिच्या प्रतिस्पर्ध्याला आपल्याच पेठेत दुकान थाटून देण्यासारखे हे होते. प्रशांत तारेच्या तुटीचा काही भाग निश्चितच या कराराचा आहे, आणि सरकारी मालकीच्या अपयशाचा पुरावा म्हणून जेव्हा तूट दाखवली जाते तेव्हा ही गोष्ट सांगितली जात नाही.

‘अँग्लिया’ आणि ‘कलोनिया’ या जहाजांनी 1902 मध्ये तार टाकली. पाच किलोमीटरांहून अधिक खोल पाण्यात लांब टप्पा टाकणारी ‘कलोनिया’ सप्टेंबरात बॅमफिल्डहून निघाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फॅनिंगला पोहोचली. 31 ऑक्टोबर 1902 रोजी शेवटचा सांधा जोडला गेला, आणि फ्लेमिंग यांनी ऑटावाहून एक संदेश पूर्वेकडून व दुसरा पश्चिमेकडून पृथ्वीभोवती फिरवून परत ऑटावाला मिळवला. डिसेंबरात तार लोकांना खुली झाली. जुन्या कंपनीचा दर एव्हाना शब्दामागे 3 शिलिंगांवर उतरलेला होता. नवी तार नुसती येणार एवढ्याने हा फरक पडला होता, आणि त्याचा लाभ जुन्या वाटेने तार पाठवणाऱ्यालाही मिळाला. तो लाभ मंडळाच्या जमाखर्चात कुठेच दिसत नाही, मात्र तिथली तूट प्रत्येक टीकाकाराला तोंडपाठ असते.

तूट पहिल्या महायुद्धापर्यंत येत राहिली. 1914 च्या सप्टेंबरात जर्मन क्रूझर ‘न्यूर्नबर्ग’ने फॅनिंगवर माणसे उतरवून तार तोडली आणि ठाण्याची नासधूस केली, तरी युद्धकाळात रहदारी इतकी वाढली की हिशेब नफ्यात आला. 1926 मध्ये कॅनडा ते फिजी या वाटेवर दुसरी, पहिलीपेक्षा कितीतरी वेगवान तार टाकली गेली. त्यानंतर लघुलहरींच्या बिनतारी सेवेने दर पाडले आणि 1929 मध्ये ही सार्वजनिक तार जुन्या प्रतिस्पर्ध्यासह एकाच नव्या विलीन कंपनीकडे गेली. शेवट खासगी मालकीत झाला म्हणून आरंभही तिथेच होता, असे मानणे बरोबर नाही.

लेखकमहाशयांच्या व्यासंगाविषयी मला आदर आहे आणि हे पत्र दोष काढण्यासाठी लिहिलेले नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर नवनव्या तारा येत असताना त्यांचा खर्च, हमी आणि मालकी यांविषयी मराठी वाचक प्रश्न विचारू लागला आहे, आणि त्याच्या हाती अर्धा इतिहास पडू नये, एवढीच तळमळ आहे. माझी विनंती अशी की, लेखमालेच्या पुढील भागात 1902 च्या या तारेला, तिच्या 18 हिश्शांना आणि तांबड्या समुद्रातील बुडीत हमीला शेजारी-शेजारी जागा द्यावी. दोन्ही व्यवहारांचे आकडे एकाच चौकटीत छापले, तर लेखकाला वेगळी टिप्पणी करावी लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त तारमास्तर, सातारा