तंबू लावण्याआधी: सुन्यास पत्र

सार्लाजवळ, दोर्दोन्य, फ्रान्स
९ सप्टेंबर २०२५

प्रिय सुन्या,

दापोलीच्या वाडीत तंबू लावावेत का, असं तू जुलैत विचारलंस आणि मी गप्पच. रागावला असशील. पण जुलैत आमच्या इथल्या कॅम्पसाइटवर (पाहुण्यांना तंबू लावायला जागा देतो ना, तिथे) जेवायला बसायची पंचाईत होती, उत्तर कुठलं लिहितोय! आता शाळा उघडल्यात, नदीकाठी दोन-चार पेन्शनर जोडपी तेवढी उरलीत. म्हणून निवांत लिहितो.

इथल्या सीझनची सूत्रं हॉलंडच्या शाळांकडे असतात. तिथे सरकारने देशाचे तीन भाग पाडलेत आणि प्रत्येकाची सहा आठवड्यांची सुट्टी वेगळ्या शनिवारी सुरू होते. यंदा दक्षिणवाले ५ जुलैला सुटले, मग उत्तरवाले, मग मधले. जर्मनांचं राज्यागणिक वेगळं, बव्हेरियावाले तर ऑगस्टात. फ्रेंचांमध्ये जुलैवाले आणि ऑगस्टवाले अशा दोन जातीच आहेत. महिना बदलताना एक जात परतते आणि दुसरी निघते. रस्त्यावरच्या गर्दीचा अंदाज देणारी सरकारी सेवा दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल असे रंग देते, आणि अगदीच कहर असेल तर काळा. अशा शनिवारी जुन्यांनी बाराला जागा सोडायची, नव्यांनी दोननंतर यायचं, असा आमचा नियम. नवे मात्र रात्रभर गाडी हाकून सकाळीच फाटकाशी हजर, मागे कॅरॅव्हॅन (गाडीला जोडून ओढायची चाकांवरची खोली), आत रडकी पोरं. मेधा त्यांच्याशी डचमध्ये बोलते (आइंडहोवनमध्ये काढलेली वर्षं अशी कामी आली), मी कॉफी देतो.

कॉफीवरून आठवलं. आपल्याला पाहुण्याला बसवायची सवय. इथला पाहुणा बसतच नाही रे! स्वतः तंबू ठोकतो, स्वतःची भांडी टबमध्ये घेऊन सामायिक मोरीवर घासायला येतो, कॅरॅव्हॅनमधल्या संडासाचा मैल्याचा डबा चाकांवर ओढत नेऊन स्वतः रिकामा करतो. मोठा डॉक्टर असो की वकील, अर्ध्या चड्डीत भांडी घासत शेजाऱ्याशी गप्पा मारतो. त्याला त्याचीच तर मजा वाटते. माझ्याकडून त्याच्या अपेक्षा तीनच: गरम पाणी, स्वच्छ संडास, आणि सकाळी पाव. पावाची यादी संध्याकाळी बेकरीत कळवायची, सकाळी आठच्या आत आणायचा. क्रोसाँ (लोण्याचा खुसखुशीत फ्रेंच पाव) कमी पडला तर मात्र डॉक्टरही लहान मूल होतो.

खरी कटकट विजेची. कॅरॅव्हॅनला आम्ही ६ अँपिअर देतो, म्हणजे जेमतेम चौदाशे वॅट. कुणी २००० वॅटची किटली लावली की खटका पडलाच. मग रात्री टॉर्च घेऊन विजेच्या खांबापाशी जायचं, हसून खटका वर करायचा, आणि किटलीचा विषय काढायचा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पारा चाळिशीच्या वर गेला, तेव्हा सगळ्यांनी पंखे आणि फिरते एसी एकदम लावले. ते दिवस मी खांबांच्या दारातच काढले.

त्याच्या थोडं आधी दक्षिणेला ओद जिल्ह्यात मोठा वणवा पेटला, सोळा हजार हेक्टरांवर पसरला. तिथल्या कॅम्पसाइटही रिकाम्या केल्या. आपल्यापासून लांब, पण मी त्या रात्रीपासून कोळशाच्या शेगड्या बंद केल्या. एक गृहस्थ माझ्यावर फार चिडले; मी त्यांना गॅसवर मासा भाजून दिला. आमच्या जाग्यांमधली झाडं हीच आमची सावली, आणि वाळलं की तेच सरपण.

आता तुझं. तुझ्याकडे पुण्या-मुंबईहून येणारी मंडळी भांडी घासायला येणार नाहीत. त्यांना सुरमईची थाळी हवी, पलंग हवा, आणि मे महिन्यात एसी. म्हणजे तुझा तंबू ही कापडी भिंतींची खोलीच होणार, आणि खोलीचेच पैसे मागितलेस तर लोक भिंतीकडे बोट दाखवतील. शिवाय जून ते सप्टेंबर कोकणच्या पावसात ते कापड गुंडाळून ठेवायचं कुठे, आणि बुरशीचं काय? माझं ऐकशील तर तंबू थोडे आणि साधे घे, आणि पैसा न्हाणीघर-संडासाच्या पक्क्या बांधकामात घाल. तंबू नाही चालले तरी ते वाडीला उपयोगी पडेल. तंबू भाड्यानं देण्यापेक्षा, स्वतःचा तंबू घेऊन येणाऱ्या सायकलवाल्यांना नुसती जागा आणि पाणी द्यायचं, हेही करून बघ. कमाई कमी, पण डोक्याला ताप नाही.

वहिनींना घेऊन मे महिन्यात ये, हवा सुखाची असते आणि सीझन तापलेला नसतो. आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची गुहा जवळच आहे. मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, पण २०१६ साली उघडलेली प्रतिकृती पाहून तू तासभर बोलणार नाहीस. तुझ्याबाबतीत हे मोठंच!

तोवर एक कर. लाइट बिलावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिलाय ते बघून कळव, म्हणजे किती तंबूंना वीज पुरेल याचा हिशेब मांडून पाठवतो.

तुझा,
बाळ्या