पाकीट आधी, माईक नंतर

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव कुठेही छापायचं नाही असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून इथेही नुसतं 'काका'. हे पत्र वाचून तुम्ही चिडणार, हे धरूनच लिहायला बसलोय. पण आमची ध्वनिमुद्रणं उतरवून घेणारे लोक सारखे विचारतात, 'हे सगळं फुकट द्यायला परवडतं कसं?' त्याचं खरं उत्तर द्यायचं तर तुमच्याबद्दल बोलावंच लागतं. तेव्हा हे उघड पत्र.

ज्यांना आमचा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मिरजेत आम्ही तिघं-चौघं मिळून एक छोटं रेकॉर्ड लेबल चालवतो. तबकड्या नाहीत, सीडी नाहीत, दुकान नाही. ध्वनिमुद्रण करायचं, नीट साफ करायचं, नावं-गावं लिहायची आणि इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहालयावर ठेवून द्यायचं. ज्याला हवं त्यानं उतरवून घ्यावं, ऐकावं, पुढे द्यावं. ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. ब्रिटनमध्ये सायमन कार्लेस यांनी १९९६ मध्ये 'मोनोटोनिक' सुरू केलं, निदान तेव्हापासून तरी 'नेटलेबल' नावाची ही जमात आहे. डिसेंबर २००२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले आणि 'घ्या, वाटा, फक्त नाव सांगा' हे कायद्याच्या भाषेत म्हणायची सोय झाली. आणि मिरजेला फुकट गाण्याचं नवल ते काय? दर्ग्यात उरुसाच्या संगीत सभेला तिकीट नसतं, आणि ज्यांच्या स्मरणार्थ ती होते ते अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात स्थायिक झालेले.

पण तिकडच्या नेटलेबलांत आणि आमच्यात एक फरक होता, तो तुम्ही पहिल्याच भेटीत दाखवलात. तिकडे बहुतेक इलेक्ट्रॉनिक संगीत. एक माणूस, एक संगणक. रचणारा, वाजवणारा, देऊन टाकणारा तोच. त्यानं स्वतःचं फुकट वाटलं तर कोण काय बोलणार! आमच्याकडे पेटीवाले वेगळे, पखवाजवाले वेगळे, टाळ धरणाऱ्या बायका वेगळ्या, तंबोरा तिसऱ्याच्याच घरचा. 'यांचं काम फुकट वाटायचं हे ठरवणारे तुम्ही कोण?' असं तुम्ही विचारलंत. आणि उत्तराची वाट न बघता नियम सांगून मोकळे झालात: पाकीट आधी, माईक नंतर.

आकाशवाणीत उभी हयात काढलेल्या माणसाचा हा नियम. तिथे ओव्या म्हणायला आलेल्या बाईलाही करारपत्र आणि मानधन मिळायचं, मग आपण कोण टिकोजीराव, असा तुमचा सवाल. ऐकणाऱ्याला मोफत द्यायचं असेल तर जरूर द्या, पण गाणाऱ्याकडून मोफत घ्यायचं नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, मात्र ती ध्वनिमुद्रणाच्या आधी, हातात आणि सगळ्यांच्या देखत. 'नंतर देतो' म्हटलं की गाणारा माणूस आशेनं गातो, आणि ती आशा गाण्यात ऐकू येते, असंही तुम्ही म्हणाला होतात. हे खरं की तुमचा आपला एक लाडका सिद्धांत, मला ठरवता आलेलं नाही. पण सुरुवातीची पाकिटं तुमच्या पेन्शनमधून भरली गेली, हे मात्र खरं आहे. त्याबद्दल कधी बोलू दिलं नाहीत. आज बोललो.

आता तंबोऱ्याविषयी, कारण आमचं सगळ्यात जास्त उतरवलं जाणारं काम तेच. गाणं शिकणाऱ्या मुलांना रियाजाला खरा तंबोरा मिळत नाही. घरात जागा नसते, किमती परवडत नाहीत, लावता येत नाही. पेटीवजा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर भागवतात. आणि आम्ही राहतो सतारमेकर गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, ज्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तिथे! प्रत्येक पट्टीत खऱ्या तंबोऱ्याचं अर्धा अर्धा तास ध्वनिमुद्रण करून ठेवावं, बायकांसाठी काळी चार-पाच, पुरुषांसाठी काळी एक-दोन, पंचमाचा वेगळा, मध्यमाचा वेगळा, एवढी साधी योजना होती. त्यातलं अवघड काय ते तुम्हालाच दिसलं.

तुम्ही म्हणालात, तंबोरा भोपळ्यात नसतो, जवारीत असतो, म्हणजे घोडीच्या घडणीतून येणाऱ्या त्या झणकारात. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो दोरा केसभर हलला की सगळे उपस्वर एक तर उमलतात नाही तर मिटतात. त्यामुळे माईक भोपळ्याच्या पोटाशी लावायचा नाही. तिथे नुसता घुमारा मिळतो. घोडीपासून हातभर अंतर ठेवून, किंचित तिरका धरायचा. पंखा बंद. तारा लावून झाल्यावर लगेच सुरुवात नाही. खोलीची हवा आणि तारा एकमेकींना सरावेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा लावायच्या. मिरज जंक्शन जवळ असल्यामुळे गाड्यांच्या भोंग्यांमधल्या फटी शोधायच्या, म्हणजे मुद्रण रात्रीच. आणि तुकडा कापून पुन्हा पुन्हा चिकटवायचा नाही. 'कानाला पुनरावृत्ती कळते. रियाजाला बसलेल्या पोराला ती नकळत चावते,' हे तुमचे शब्द. त्यामुळे आमचा प्रत्येक तंबोरा सलग अर्धा तास कुणीतरी बोटांनी छेडलेला आहे. छेडणाऱ्याचं नाव आहे, मानधनही आहे, आणि तुमच्या हट्टामुळे तंबोरा घडवणाऱ्या कारागिराचं नावही आहे. जवारी काढणाऱ्याला श्रेय देणारी ध्वनिमुद्रणं मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

एमपीथ्रीला मूळ प्रत मानायचं नाही, हाही तुमचाच आग्रह. फाइल लहान करताना एमपीथ्री जे कानाला ऐकू येणार नाही असं समजते ते टाकून देते, आणि तंबोऱ्याचे दाट उपस्वर तिथेच मार खातात. कमी दर्जाच्या एमपीथ्रीतला तंबोरा पाण्याखाली वाजल्यासारखा लागतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ अर्धा तास म्हणजे सुमारे ५०० एमबी. एवढं कोण उतरवणार, अशी आमची कुरकुर होती. तुम्ही फ्लॅक करायला लावलंत. त्यात आकार कमी होतो आणि काहीच गमावलं जात नाही. ज्यांना हलकी फाइल हवी त्यांच्यासाठी अर्काइव्ह फ्लॅकवरून एमपीथ्री आपोआप बनवून देतं. म्हणजे दोन्ही गिऱ्हाइकं खूश, आणि मूळ माल शाबूत.

भजनी मंडळांचं प्रकरण याहून नाजूक. आपल्याकडची निम्मी मंडळं अभंग सिनेमाच्या चालीवर म्हणतात, आणि म्हणतातही झकास. शब्द तुकोबांचे, सतराव्या शतकातले, त्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण चाल? ती ज्या संगीतकाराची, त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं त्याच्याच वारसांची किंवा कंपनीची. १९५७ चा कॉपीराइट कायदा तुम्ही आम्हाला अशाच उदाहरणांतून शिकवलात. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हात लावायचा नाही. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, भास्करबुवा बखले त्याही आधी १९२२ मध्ये. त्यांची पदं, त्यांच्या चाली मोकळ्या, खुशाल नव्यानं गा आणि वाटा. कुणी वडिलांच्या जुन्या तबकड्या घेऊन आलं तर दोन हिशेब करायचे: ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, आतल्या शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र वेगळा मोजायचा. १९६० ची तबकडी २०२१ पासून मोकळी, तरी तिच्यातलं गाणं बांधलेलं असू शकतं. हे कळल्यावर आमच्या यादीतल्या कितीतरी गोष्टींवर काट मारावी लागली. पण तुम्ही नुसती काट मारून थांबला नाहीत. मंडळातल्या बायकांशेजारी बसून 'तुमच्या सासूबाई कशा म्हणायच्या हो?' असं विचारत राहिलात आणि एकेक जुनी चाल बाहेर काढलीत. आमच्या भजनांच्या संचातल्या सगळ्यात चांगल्या चाली अशा आल्या आहेत. सिनेमाच्या चाली चालल्या असत्या तर त्या कुणाला आठवल्याही नसत्या.

सही घेण्याआधी परवाना मराठीत, बोलीत, मोठ्यानं वाचून दाखवायचा ही पद्धतही तुमची. 'एकदा दिलं की परत मागता येत नाही' हे क्रिएटिव्ह कॉमन्सचं कलम आम्ही कितीही घोळवून सांगितलं असतं तरी त्या आजींना पटलं नसतं. तुम्ही एका वाक्यात सांगितलंत: पंगतीत वाढलेलं पानातून उचलत नाहीत. आजी हसल्या, आणि मग नेमका प्रश्न विचारला, 'पण कुणी आमचं गाणं विकलं तर?' त्या एका प्रश्नामुळे भजनांना व्यापारी वापराची मनाई असलेला परवाना लागला आणि तंबोऱ्याला नुसत्या श्रेयाचा. व्यापारी मनाईचा तोटा मला माहीत आहे. विकिपीडियाला चित्रं-ध्वनी पुरवणारं विकिमीडिया कॉमन्स असं साहित्य घेत नाही, एखाद्या लघुपटवाल्या पोराचीही अडचण होते. त्यावर आपण दोघं भांडलो होतो. अजूनही मला वाटतं की भजनंही मोकळी सोडायला हवी होती. पण गाणाऱ्यांनी ठरवलं, आणि ठरवायचा अधिकार त्यांचाच, हे तुमचं म्हणणं मी खोडू शकलो नाही.

तुमच्या वहीचे आभार वेगळे मानायला हवेत. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, ठिकाण, पट्टी आणि सगळ्यांची नावं माईकवर बोलायची, तेच वहीत लिहायचं, खाली सह्या. आमच्या पोरांना हा सरकारी खाक्या वाटायचा. मग कुणीतरी आमचा काळी चारचा तंबोरा उचलून स्वतःच्या नावानं ऑनलाइन गाणी पोचवणाऱ्या एका वितरकाकडे नोंदवला, आणि तो वापरणाऱ्या शिक्षकांच्या व्हिडिओंवर आवाज जुळवून बघणाऱ्या यंत्राकडून आपोआप हक्काचे दावे यायला लागले. आपण फुकट दिलेली गोष्ट वापरल्याबद्दल भलत्याच माणसाकडून नोटीस! बिचाऱ्या एका शिक्षिकेला वाटलं, आम्हीच फसवलं. तेव्हा तुमच्या आवाजातली ती सुरुवातीची घोषणा, न कापलेली मूळ फाइल आणि सह्यांचं पान पाठवलं, आणि दावे मागे घेतले गेले. लेबल मोफत असो वा विकतचं, कागद लागतोच. उलट मोफत असेल तर जास्तच लागतो, कारण आपल्याकडे वकिलाला द्यायला पैसे नसतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्काइव्हवर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद पडलं, तेव्हा आमच्याकडे रियाजवाल्यांचे फोन सुरू झाले. तुम्ही शांत होता. तुमच्याकडे सगळ्याची एक प्रत होती, दुसरी आमच्याकडे, तिसरी सांगलीत तुमच्या मेहुण्यांच्या घरी, आणि तीही वरच्या मजल्यावर. २०१९ चा महापूर बघितलेला माणूस तळमजल्यावर हार्डडिस्क ठेवत नाही.

पैशाचं विचारणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. जागा अर्काइव्ह देतं, तिचं भाडं नाही. बाकी खर्च, म्हणजे मानधन, माईक, वायरी, रिक्षा, चहा, आम्ही शाळांची स्नेहसंमेलनं आणि लग्नांचे ध्वनिक्षेपक सांभाळून उभा करतो, वर काही ऐकणारे आपणहून पाठवतात. त्यातून आधी पाकिटं निघतात, उरलं तर यंत्रं. उरत नाही फारसं. बरीच नेटलेबलं बंद का पडली, याचं माझं उत्तर सोपं आहे: एकटा माणूस थकला. आम्ही अजून थकलो नाही, कारण कंटाळवाणी कामं तुम्ही ओढून घेतलीत आणि आनंदाची आम्हाला ठेवलीत.

ही वाटणी बदलायची वेळ आली आहे, हे मला समजतं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर वहीत लिहायला त्रास होतो हे तुम्ही सांगितलं नाहीत, काकूंनी सांगितलं. पुढचं मुद्रण गोंधळ्यांचं आहे, संबळ आणि तुणतुणं, दिवाळीनंतर. संबळाला माईक कसा लावायचा ते तुम्ही येऊन दाखवा. तो आवाज मला अजून पकडता येत नाही. वही मात्र आमची नवी मुलगी लिहील. अक्षर चांगलं आहे, आणि परवाच्या तालमीत तिनं मला पाकिटं कुठे आहेत असं विचारून मगच वायर सोडायला घेतली.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
लेबलचा हमाल
मिरज