बर्डीचं नाव कुणी घेत नाही

संपादक महोदय,

‘ऑल अबाउट ईव्ह’चा (१९५०) विषय निघाला की बेटी डेव्हिस आणि अ‍ॅन बॅक्स्टर यांच्यापुढे बोलणं सरकत नाही. दोघींनाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन होतं, पुरस्कार मात्र ज्युडी हॉलिडेला मिळाला. मला या चित्रपटात सर्वांत जवळची वाटते ती थेल्मा रिटरची बर्डी, रंगभूमीवरची तारका मार्गो (बेटी डेव्हिस) हिची मदतनीस. मार्गोची चाहती म्हणून आलेल्या ईव्हच्या (बॅक्स्टर) करुण कहाणीवर बाकीचे भाळतात. ही पोरगी मार्गोचं चालणंबोलणं टिपून घेते आहे, हे मात्र बर्डीच ओळखते. वॉडव्हिलमधली, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या जुन्या अमेरिकी खेळांतली ती, सोंग कळणारच! रिटरलाही सहायक अभिनेत्रीचं नामांकन होतं. आपल्या चित्रपट पुरवणीत तिच्यावर सविस्तर लेख यावा, ही कळकळीची विनंती.

– एक नाट्यप्रेमी वाचक, पुणे