सायलेन्सर बदलून पिकअप वाढतो का?

ह्यूस्टन

चि. सौरभ यास काकाचे अनेक आशीर्वाद.

इथल्या नव्या फोर्ड एफ-१५० पिकअप ट्रकला (३.५ लिटर, दोन टर्बो) कॅट-बॅक लावलं, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मागचा सगळा पाइप बदलला, तरी ताकद फार तर पाच-दहा हॉर्सपॉवरने वाढते. आवाज मात्र नक्की वाढतो. टर्बोच्या गाडीत ताकद ट्यूनने, म्हणजे ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) प्रोग्राम बदलून मिळते, कारण बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) दोन्ही ईसीयूच्या हातात असतं.

पाइप घेताना ३०४ चं स्टेनलेस बघायचं. ४०९ स्वस्त पडतं, पण त्यावर वरवरचा गंज धरतो. जुना पाइप काढताना रबर हँगरवर साबणाचं पाणी मारावं. तेलाने रबर फुगतं. नवा पाइप पुढून मागे जोडत जायचा, पण सगळे क्लॅम्प आधी ढिलेच ठेवायचे. स्टेपनी, ब्रेकची नळी आणि चासी यांपासून बोटभर अंतर राहिलं की मगच आवळायचे. शंभरेक किलोमीटर चालवून गाडी थंड झाली की पुन्हा एकदा पाना फिरवायचा. आणि पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी पाइप पुसून घ्यायचा, नाहीतर हाताचे ठसे त्यावर कायमचे भाजले जातात!

लोक वैतागतात ते हायवेवर केबिनमध्ये घुमणाऱ्या आवाजाने. सहा सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला तीन स्फोट होतात. म्हणजे १८०० आरपीएमला सेकंदाला ९०, आणि नेमका तोच सूर केबिन धरून बसते. उपाय म्हणजे मोठा मफलर (आवाज दाबणारा डबा), किंवा तेवढाच सूर मारणारी बंद तोंडाची जे-पाइप. दुकानात गाडी जागेवर रेस करून ऐकवतात, त्यावरून यातलं काहीच कळत नाही.

ट्यून टाकायच्या आधी मूळ फाइल उतरवून ठेवायची. फ्लॅश करताना, म्हणजे नवी फाइल ईसीयूत भरताना, बॅटरीला चार्जर लावायचाच. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू कामातून जातो. स्पार्क प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) आणि गॅप ०.७ मिमीच्या आसपास, कारण बूस्ट वाढला की मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते. ९३ ऑक्टेनची ट्यून टाकून ८७ चं पेट्रोल भरलं तर नॉकिंग होतं (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकतं), ईसीयू टायमिंग मागे ओढतो आणि पैसे वाया. (तुमच्या पंपावरचे आकडे आरओएनचे, म्हणजे ऑक्टेन मोजायच्या वेगळ्या पद्धतीचे. इथलं ९३ म्हणजे तुमच्याकडचं साधारण ९८, तेव्हा इंडियन ऑइलचं एक्सपी९५ पेट्रोल बघून फसू नकोस.) कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये जोर वाढवणारी ट्यून तर घेऊच नये. तिथे ठिणगीआधीच पेट घेऊन पिस्टन फुटतो. इंजिन ऑइलही हे टाळणाऱ्या एपीआय एसपी दर्जाचंच हवं.

कन्व्हर्टर काढणं इथे केंद्राच्या क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदेशीर आहे. ह्यूस्टनच्या हॅरिस कौंटीत (जिल्ह्यात) धुराची चाचणीही आहे, आणि फ्लॅशनंतर ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पुऱ्या व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते. वॉरंटीत शोरूमने सरसकट नाही म्हणता येत नाही, पण बिघाड ट्यूनमुळे झाल्याचं दाखवलं की खर्च आपल्याच अंगावर.

तुझा पिकअप ट्रक डिझेलचा, तेव्हा प्लग-ऑक्टेन सोडून दे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) कोणी काढून देतो म्हणाला तर ऐकू नकोस. प्रेशर सेन्सर बोंबलतो, गाडी लिंप मोडमध्ये जाते (ताकद कमी करून कशीबशी चालते) आणि पीयूसी अडकते. एखाद्या ट्यूनरकडे जाणारच असशील तर आधी काही न बदललेल्या गाडीचा लॉग, म्हणजे चालतानाच्या आकड्यांची नोंद, काढून मला पाठव: बूस्ट, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि एक्झॉस्टचं तापमान.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका